चौथ्या मजल्यावरचा बोकड

आमच्या ह्यांच्याकडे आता दोनच शब्द उरलेत. "चौथा मजला."

भूक लागली, चौथा मजला. गरम होतंय, चौथा मजला. चुकून माझा पाय ह्यांच्या पायावर पडला तर दणदणीत चौथा मजला. चौतीस वर्षं लिफ्ट चालवली ह्यांनी, कचेऱ्यांच्या एका सात मजली इमारतीत. लोकांना मी नऊ मजले सांगायचे, पण आज सातच सांगते. आज खरं सांगायचं ठरवलंय आणि त्याची मला सवय नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

झालं ते सकाळी, दाढी करताना. अर्धा गाल झाला आणि अर्ध्याला साबण तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त अडकलं, बोलण्याचं अख्खं घर खाली आलं, आणि तेव्हा दाराशी जे दोन शब्द उभे होते तेवढेच बाहेर पडले. हे डॉक्टर नाही म्हणाले, हे मी म्हणते. डॉक्टर नुसतं म्हणाले, "असं होतं."

उजवा हात गेला, उजवा पाय गेला. डावा हात चांगलाय, नको तितका चांगलाय. ऐकू येतं सगळं, कळतंही सगळं. फक्त मान फसवते. हो म्हणायला जातात आणि मान आडवी हलते, मग स्वतःवरच चिडतात. म्हणून टेबलावर डाव्या हाताच्या बोटाने वाजवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही युक्ती आम्हाला ग्रुपमध्ये मिळाली.

ग्रुप फोनवरचा, अर्धांगाचा झटका आलेल्यांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा. दर रविवारी चार वाजता. दुसऱ्या गावी असलेल्या मुलीने तो मला लावून दिला आणि म्हणाली, "आई, तुलाही कुणीतरी पाहिजे ना गं बोलायला." म्हणजे तिला माझे दिवसाला सहा फोन जड होत होते. फोन मी साखरेच्या डब्याला टेकवते आणि आम्ही दोघं समोर बसतो. पडद्यावर आठ-नऊ चौकोन. प्रत्येक चौकोनात एक असा चेहरा, ज्याची एक बाजू जागी आणि एक झोपलेली, आणि त्याला चिकटून एक बायको नाहीतर नवरा नाहीतर लेक, जी दोन्ही बाजूंनी जागी आणि वर झोप नसलेली.

ग्रुप चालवते ती कंडक्टरबाई. बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली तिने. तिलाही झटका येऊन गेलाय, डावा हात गळ्यात पट्टीने टांगलेला. पण उजव्या हातात घंटी. दोनदा टण टण केलं की म्हणते, "चला, सुटली गाडी." कुणी लांबण लावलं की एकदा टण, "पुढे सरका हो, मागे माणसं उभी आहेत." तिचा एक नियम सगळ्यांना पाठ. दहा मोजायचे. आजारी माणसाला काही विचारलं की शेजारी बसलेल्याने तोंड मिटून मनात दहा मोजायचे. "त्यांचा शब्द लांबून येतोय," ती म्हणायची. "तुम्ही त्यांच्या स्टॉपवर त्यांच्या आधी उतरू नका."

आमच्याकडे हा नियम चालला नाही. मी तीनपर्यंत पोचायचे आणि माझं तोंड उघडायचं.

तुम्हाला आमचं आधीचं घर माहीत नाही म्हणून सांगते. एकेचाळीस वर्षं संसार झाला, त्यात हे बोलले असतील सगळे मिळून दोन तास. आणि ते दोन तास गेले माझं पितळ उघडं पाडण्यात. मी शेजारणीला सांगतेय, "अगं रांगेत दोनशे माणसं!" तर आतून, पेपरमागून आवाज, "अठरा." मी म्हणतेय, "कुत्रा होता वासराएवढा!" आतून, "मांजराएवढा." मी चिडायचे, "तुमचं काय जातंय हो?" तर पान उलटत, "एकशे ब्याऐंशी माणसं."

आता मागून आवाज यायचा बंद झाला. मी माझ्या मनाची राणी. दोनशे काय, दोन हजार सांगा.

तिसऱ्या रविवारी पोस्टमनने विचारलं. ग्रुपमधला पोस्टमन हो, त्याला उजव्या बाजूचं काही दिसत नाही, अर्धंच ताट जेवतो आणि म्हणतो बायकोने कमी वाढलं. तो अडखळत म्हणाला, "आजोबा, चौ... चौथ्या मजल्यावर... होतं काय?"

एक, दोन, तीन.

"बोकड होता," मी म्हटलं.

आणि मग सुटलेच. चौथ्या मजल्यावर म्हणे एका वकिलाचं ऑफिस होतं. दोन भावांत भांडण, बोकड कुणाचा. तर एकाने बोकडच पुरावा म्हणून आणला. चढला लिफ्टमध्ये, उतरायला तयार नाही. वकील ओढायला आला तर त्याची फाईल खाल्ली. तीन दिवस बोकड वर-खाली, वर-खाली. मॅनेजरला शिंग, टायपिस्ट जिन्याने. शेवटी बोकड शिंगाने बटणं दाबायला शिकला आणि दाबायचा कुठलं? चौथं.

सगळे हसले. पोस्टमन अर्ध्या तोंडाने हसला, लाळ गळाली, आणि त्याची बायको ती पुसता पुसता म्हणाली, "पाच महिन्यांनी हसले हो हे."

आमचे हे म्हणाले, "चौथा मजला," आणि टेबलावर दोनदा वाजवलं.

मी म्हटलं, "म्हणतायत, दोन बोकड होते."

तेव्हा केवढा हशा! कंडक्टरबाईने घंटी खाली ठेवून डोळे पुसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं दमले असतील.

मग दर रविवारी चौथा मजला ठरलेलाच. एका रविवारी दातांच्या डॉक्टरचा पोपट, जो ड्रिलचा आवाज काढून पेशंट पळवून लावायचा. एका रविवारी इतका जाड साहेब की तो आत शिरला की लिफ्ट आपोआप तळघरात. हे दोनदा वाजवायचे आणि मी त्याचं काहीतरी करून टाकायचे. लोक म्हणायला लागले, आजोबा काय मजेशीर आहेत! ज्या माणसाने जन्मात विनोद केला नाही तो आता आठ घरांत विनोदी म्हणून प्रसिद्ध.

हे सगळं चाललं असताना बेकरीवाली आली.

वय चौतीस. माझ्या मुलीहून लहान. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांना टेकून बसायची, कोपरापर्यंत पांढरी. तिच्या चौकोनात ती एकटीच, कारण नवरा अजून हॉस्पिटलात होता. त्याला गिळता येत नव्हतं. पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा आणि छातीत जायचं. नाकातून पोटात नळी घातलेली, तिच्यातून पातळ खाणं. आणि तो ती नळी ओढून काढायचा.

"दोनदा काढली, आजी," ती म्हणाली. "आता डॉक्टर म्हणतात नाकातली नको, पोटाला भोक पाडून सरळ पोटात बसवू. उद्या अकरा वाजता सही करायचीय. नाही केली तर..." ते तिने सांगितलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, नाही केली तर काय.

कंडक्टरबाई हळूच म्हणाली, "तुझं मन काय म्हणतंय?"

"मनाला काय विचारू, बाई? ते नळी ओढतात. त्यांना नकोय म्हणून ओढतात की नुसतं नाक खाजतंय म्हणून, हे कळलं तर मी झोपेन तरी. हात दाबा म्हटलं तर कधी दाबतात, कधी नाही." मग ती फोनच्या जवळ आली. "आजी, आजोबांना चार महिने होती ना नळी? त्यांना विचारा ना. त्यांना ती हवी होती का?"

हे सरळ होऊन बसले. चांगला हात टेबलावर आला.

आणि मी एकसुद्धा मोजला नाही.

"अगं, हवी म्हणजे काय!" मी म्हटलं. "नर्सला उशीर झाला तर हे स्वतः नळी पुढे करायचे! आणि चव कळायची ह्यांना त्यातून, खोटं नाही सांगत. एकदा सूपमध्ये मीठ कमी पडलं तर ह्यांनी पोटावर हात मारून दाखवलं. पोटाने ओळखलं मीठ! बघ आता कसे बसलेत, राजासारखे. तू खुशाल कर सही."

टक, टक.

कंडक्टरबाईला दिसलं. "आजी, दोनदा वाजलं."

"ताल धरलाय त्यांनी," मी म्हटलं.

हसले सगळे. बेकरीवालीही हसली, डोळे पुसले, तर गालावर मैद्याचा पट्टा उमटला. "मग करते उद्या सही," ती म्हणाली. "आजोबा इतक्या खात्रीने सांगतायत म्हणजे..." कंडक्टरबाईने घंटी वाजवली, पण ती माझ्याकडेच बघत होती.

फोन बंद केला आणि केळं कुस्करून आणलं. ह्यांनी तोंड मिटलं. मी चमचा पुढे केला, ह्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, "नखरे कशाला?" तर डाव्या हाताने वाटीच उडवली. वाटी स्टीलची, तिला काय होतंय? पण केळं भिंतीवर, माझ्या केसांत, घड्याळावर. एरवी मी ह्या केळ्याची एवढी मोठी गोष्ट केली असती की केळ्याचा अख्खा घड उडाला असता. तेव्हा मात्र मी खाली बसून फरशी पुसत राहिले. कारण त्या डाव्या हाताचं मला माहीत होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सांगते. ह्यांनीही नळी ओढली होती. तीनदा. तिसऱ्यांदा नर्सने कागद आणला, पेशंटचा हात बांधायला घरच्यांची सही. मी केली. तिने पलंगाच्या दांडीला हात बांधला, तो फार घट्ट वाटला म्हणून मी सोडून स्वतः पुन्हा बांधला. पट्टीची पांढरी गाठ. एकोणीस दिवस. हा आकडा खरा आहे. रोज सकाळी मी ती गाठ सोडायचे, मनगट चोळायचे आणि परत बांधायचे, आणि हे माझ्याकडे बघत राहायचे. तेव्हा चौथा मजलासुद्धा आला नव्हता ह्यांना. मुलीला मी सांगितलं, थंडी वाजते म्हणून हातमोजा घातलाय. ग्रुपमध्येही तेच सांगितलं. लोकरीचा, निळा, मी विणलेला. मला विणता येत नाही.

फरशी पुसून झाली. मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"बरं," मी म्हटलं. "विचारते. आणि मोजते."

हे बघत होते.

"नळी नको होती तुम्हाला?"

पाचवर वाजलं. एकदा.

"हात बांधला त्याचा राग आहे?"

मी मोजायला सुरुवातही केली नव्हती. टक.

"अजून?"

टक.

"आणि आज त्या पोरीला मी तुमच्या नावाने खोटं सांगितलं."

टक. ते इतकं जोरात की बोट दुखलं असेल.

आता थांबून चालणार नव्हतं, कारण खरा प्रश्न पुढेच होता. "मग मी तेव्हा ती काढू द्यायला हवी होती का? काढू दिली असती तर आज तुम्ही नसता. ही खुर्ची नसती, मी नसते समोर. तसं हवं होतं का तुम्हाला?"

एक, दोन. दहा झाले. वीस झाले. खाली कुणाची तरी टाकी भरून वाहत होती आणि एक बाई ओरडत होती, नळ बंद करा, नळ बंद करा. ह्यांचा हात टेबलावर पालथा पडलेला. बोट हललं नाही. एकदा नाही, दोनदा नाही. हे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि मागे घड्याळाच्या काचेवरून केळं घसरत होतं. मी साठपर्यंत मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा.

उत्तर आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही.

मग निदान सोपं काहीतरी विचारावं म्हणून मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर काय होतं हो? काही खास होतं?"

टक, टक.

"काहीच नव्हतं?"

टक.

म्हणजे बघा. इतक्या रविवारांचा बोकड, पोपट, साहेब, सगळं मी ज्या शब्दांवर बांधलं त्या शब्दांखाली काहीच नव्हतं. दाराशी उभे होते म्हणून वाचले, एवढंच.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी बेकरीवालीला फोन केला. मागे पत्र्याचे ट्रे आपटत होते.

"बोला आजी, निघतेच आहे मी हॉस्पिटलला."

"पोरी, थांब. काल मी खोटं बोलले."

"कशाबद्दल?"

"सगळंच. मीठबीठ काही नव्हतं. ह्यांना नळी नको होती. तीनदा ओढून काढली ह्यांनी. शेवटी आम्ही हात बांधला. मीच बांधला. काल ह्यांनी दोनदा वाजवलं ना, ते 'नाही' होतं. ताल नव्हता."

ट्रेचा आवाज थांबला. बहुतेक ती बाहेर आली. "मग सही करू नको म्हणता?"

"तसं नाही म्हणत गं."

"मग काय म्हणता?"

"मी ह्यांना विचारलं, तेव्हा काढू द्यायला हवी होती का? तर काही वाजवलं नाही. ना हो, ना नाही. साठ मोजले मी."

"म्हणजे?"

"मला माहीत नाही."

ती म्हणाली, "काल तुम्ही किती छान सांगितलंत, आजी. रात्री झोपले मी. मग आज गप्प का नाही बसलात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठेवते," ती म्हणाली.

तिने सही केली. बुधवारी नळी बसवली, सहाव्या दिवशी त्याला घरी आणलं, बेकरीच्या वरच्या खोलीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात बांधून ठेवा, नाहीतर हीपण ओढेल. हे सगळं कंडक्टरबाईकडून कळायचं. बेकरीवाली रविवारी यायची बंद झाली होती. पहिल्या रविवारी पोस्टमनने बोकड मागितला. मी म्हटलं, आज घसा बसलाय. दुसऱ्या रविवारीही घसा बसलेला. तिसऱ्या रविवारी कुणी मागितलंच नाही. नुसती हजेरी झाली. कोण किती पावलं चालला, कुणाचा बीपी किती, कुणाची गोळी बदलली. घंटी वाजवायची वेळच आली नाही, इतकी गाडी रिकामी.

चौथ्या रविवारीही तो चौकोन नव्हता. संध्याकाळी कंडक्टरबाईचा मेसेज आला. बेकरीवाला गेला.

पुढच्या रविवारी चार वाजले आणि तो चौकोन उघडला. मागची खोली, पोती, ती. हात स्वच्छ होते. तेच जास्त लागलं मला.

कंडक्टरबाई म्हणाली, "ये गं. बस. काही बोलायलाच पाहिजे असं नाही."

"बोलायचंय," ती म्हणाली. "आजींशी बोलायचंय."

हे शेजारी होते.

"मी हात नाही बांधला, आजी. तुम्ही सांगितलंत ना हात बांधल्याचं, मग मला बांधवेना. मी हातात हात धरून बसायचे. मी आणि नणंद, आळीपाळीने. जेवतानाही धरलेला. अकरा दिवस. बाराव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. जाग आली तर नळी त्यांच्या हातात होती. थोडं रक्त होतं. आणि ते माझ्याकडे बघत होते."

कंडक्टरबाईने घंटी बाजूला ठेवली.

"डॉक्टर आले. म्हणाले, परत बसवू. मी त्यांच्याकडे बघून दहा मोजले. दोनदा मोजले. मग मी नको म्हटलं. जायला नऊ दिवस लागले." ती थांबली. तिच्या मागे एका पोत्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात माप तसंच खुपसून ठेवलेलं. "आजी, तुम्ही त्या सकाळी फोन केला नसतात तर मी हात बांधला असता. सगळे बांधतात. बांधला असता तर ते आज असते. रागावलेले असते माझ्यावर. पण असते."

हे ती भांडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती पावाच्या भावात बदल झाल्याचं सांगावं तसं म्हणाली.

आठ घरांतले पंखे ऐकू येत होते. पोस्टमनच्या बायकोने त्याचा मेलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी माझ्या शेजारी बघितलं. तिथे एक माणूस होता. रागावलेला. पण होता. त्या मनगटावर आता काही खूण नाही, मी रोज बघते.

मी दहा मोजले. शब्द आला नाही. परत मोजले.

"तुम्हाला का सांगतेय मी हे, मलाही कळत नाही," बेकरीवाली म्हणाली. "घरी सगळे म्हणतात, सुटला. मला तो शब्द नको झालाय." मग नाक पुसून म्हणाली, "तो बोकड सांगा ना, आजी. बोकडाच्या वेळी मी ग्रुपमध्ये नव्हते, पोपटापासूनच ऐकलं मी. बोकड राहिला माझा."

कंडक्टरबाई मला म्हणाली, "सांगा."

माझं तोंड उघडलं सुद्धा. बोकड जिभेवर होता, शिंगांसकट. तिला हसवता आलं असतं, मला खात्री आहे. पाच मिनिटं तरी.

"पोरी," मी म्हटलं, "बोकड नव्हता."

"नव्हता?"

"पोपट नव्हता. साहेब होता, पण बारीक होता. चौथ्या मजल्यावर काही नव्हतं. मी ह्यांना विचारलं."

पोस्टमनचं अर्धं तोंड उघडं राहिलं. बेकरीवाली म्हणाली, "मग काहीतरी झालंच असेल ना चौतीस वर्षांत. खरं काहीतरी सांगा."

खरं. मी आठवायला लागले. लिफ्टमधलं खरं म्हणून ह्यांनी मला सगळ्या संसारात एकच सांगितलं होतं, तेही मी चारदा विचारल्यावर. इतकं बेचव होतं की मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"एकदा वीज गेली," मी म्हटलं. "लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली. आत हे आणि एक बाई. तिच्या हातात फाईल होती. अंधार होता. ती घाबरली होती, पण काही बोलली नाही, आणि हे तर काय, बोलतच नाहीत. दोघं नुसते उभे. अकरा मिनिटं. मग वीज आली आणि लिफ्ट वर गेली. ती उतरली. बस. एवढंच."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच.

आणि शेजारी वाजलं. टक, टक.

मी वळले. "नाही? आता काय नाही? वीज नव्हती गेली?"

टक, टक.

"म्हणजे गेली होती की नव्हती... थांबा, एकेक विचारते. वीज गेली होती?"

टक.

"बाई होती?"

टक.

"फाईल होती?"

टक.

आता एकच उरलं होतं. मी म्हटलं, "अकरा मिनिटं?"

टक, टक.

"बारा?" मी म्हटलं, आणि हे चिडले. "चौथा मजला!" अगदी पेपरमागून यायचा तसा आवाज. मी हात वर केले, दहा बोटं दाखवली. सगळ्या चौकोनांतली माणसं फोनजवळ सरकली होती.

टक, टक.

मी एक बोट मिटलं.

दहा मोजायची गरज पडली नाही. ह्यांनी एकदाच वाजवलं आणि हात मांडीवर घेतला, झालं काम म्हणून.

"नऊ," बेकरीवाली म्हणाली. तिचा चेहरा वाकडा झाला, रडायला की कशाला, मला नाही कळलं, आणि मी ते ठरवणार नाही. तिने मान हलवली आणि परत म्हणाली, "नऊ मिनिटं. अंधारात."